रेघ सरळ यायला पाहिजे

पालिकेने दोन डबे दिले. एक निळा, एक लाल.
आणि एक कागद, त्यावर भिंतींचे नंबर.
"नबीलाल, रेघ सरळ यायला पाहिजे," साहेब म्हणाले.
म्हटलं, येईल की.
पाणी कधी वाकडं उभं राहिलंय?

निळी पंचवीस वर्षांतून एकदाची,
लाल शंभर वर्षांतून एकदाची.
कागदावरची शंभर वर्षं
आमच्या गल्लीत फार लवकर संपतात.

आजवर मी काय रंगवलं नाही सांगलीत?
हळदीच्या अडत्यांच्या पाट्या,
बेदाण्याची खोकी,
भडंगाच्या दुकानावरचा मोर, तीन निवडणुका.
पुलाच्या खांबावरचे फूट मात्र
माझ्या वस्तादाने काढलेले, दादू शिकलगारने,
कमरेला दोर बांधून.
पावसाळ्यात नदी ते चाटून न्यायची,
दिवाळीनंतर तो पुन्हा गिरवायचा.
चाळीस. पंचेचाळीस.
पन्नासचा आकडा काढताना म्हणायचा,
हा नुसता शोभेला.

हरिपुरात त्याची सासुरवाडी.
तिथे लोक हळद जमिनीच्या पोटात ठेवायचे, पेवात.
वर्षानुवर्षं कीड नाही, बुरशी नाही.
उघडलं की आधी कंदील सोडायचा खाली,
तो विझला तर माणूस उतरायचा नाही.
आगीने परीक्षा घ्यायची रीत होती,
पाण्याची कुणी घेतली नव्हती.
दोन हजार पाचला ते वरून आलंच नाही,
खालून आलं,
आणि काठावर उभं राहून दादूने पाहिलं
संगमाच्या तोंडाशी
पिवळं बुडबुडणारं पाणी.
त्या वर्षी त्याने पन्नास गिरवला
आणि ब्रश मला दिला.

आता पूर आभाळातून कमी, फोनमधून जास्त येतो.
कोथिंबीर निवडता निवडता मंडईतली बाई विचारते,
कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले ओ?
क्युसेक हा शब्द आमच्याकडे
वरण-भातासारखा झालाय.
वरच्या दाराची चावी वेगळ्याकडे,
खालच्या दाराची वेगळ्याकडे,
दोघांच्या बैठका होतात, चहा होतो.
आम्ही मधला उंबरा.
जो येईल तो ओलांडून जातो.

तर रेघ.
कर्नाळ रस्त्याला सुलभा कोष्टी दारात आडवी आली.
"भाऊ, वीतभर खाली घ्या की.
घर विकायला काढलंय."
दोन घरं पुढे, आप्पा भोकरे:
"जरा वर घ्या. पुढच्या पंचनाम्याला बरं."
तिसऱ्या घरात कुणीच काही बोललं नाही.
म्हातारा काठी टेकत आला,
ओल्या रंगाला बोट लावून वास घेतला
आणि आत जाऊन झोपला.

मी कुणाचं ऐकलं नाही. म्हणजे,
सुलभाबाईंच्या भिंतीवर
जास्वंदीच्या आड येईल अशी ओढली.
उंची तीच. जास्वंद माझी नाही.

कागदावर शेवटचा नंबर माझा होता.
एकोणीसनंतर तीन हात चुना दिलाय या भिंतीला,
तरी दमट दिवशी
तपकिरी रेघ आतून वर येते,
गाळाची, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पट्टी लावली नाही, दोरा धरला नाही.
लाल ब्रश तिच्यावरून चालवत गेलो फक्त.
बायको म्हणाली, देवाची फोटो-चौकट मधे येते.
म्हटलं, तेव्हाही आली होती.

संध्याकाळी साहेबांनी भिंत पाहिली, सही केली.
निळा संपला. लाल अर्धा डबा उरलाय.
परत मागितला नाही कुणी.
झाकण ठोकून बसवलं
आणि पत्र्याखालच्या
सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.